ऑनलाइन गेमच्या दुसऱ्या भागात जुने नियम का जातात आणि का राहतात

आपण विचारले आहे की, एखाद्या ऑनलाइन गेमचा दुसरा भाग येतो तेव्हा ज्या गोष्टींमुळे आपण पहिला भाग वर्षानुवर्षे खेळलो, नेमक्या त्याच का काढल्या जातात, आणि ज्यांना सगळेच कंटाळलेले असतात त्या मात्र का राहतात. गेम बनवणारे लोक स्वतःचा जुना गेम खेळत नाहीत काय, अशी शंकाही आपण व्यक्त केली आहे. नव्या भागावर पैसे आणि वेळ घालवण्याआधी काय पाहावे, हा आपला शेवटचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षे ऑनलाइन गेमच्या नियमरचनेचे काम करते आणि चालू गेमची पुढची आवृत्ती कशी असावी या चर्चांत अनेकदा बसले आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

शंकेचे उत्तर आधी देते. माझा अनुभव उलट आहे. दुसरा भाग बनवणारे लोक पहिला भाग बहुतेक वेळा अति खेळलेले असतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या गेमविषयीच्या तक्रारी त्यांनी वर्षानुवर्षे रोज वाचलेल्या असतात. जो नियम खेळाडूला त्रास देतो त्याच्याविषयी तक्रार येते. पण तोच नियम पडद्यामागे जे काम करत असतो, त्याबद्दल आभार मानायला कोणी पत्र लिहीत नाही. त्यामुळे नव्या भागाच्या पहिल्या बैठकीत जी यादी समोर येते ती प्रामुख्याने त्रासांची असते. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे: जुना नियम काढणे सोपे असते, तो नियम जे काम करत होता ते पुढे कोण करणार हे ठरवणे अवघड असते.

अर्थात, हे सगळ्या गेमना सारखेच लागू होत नाही. गेम विकत घ्यायचा आहे की फुकट आहे, दरमहा वर्गणी आहे की नाही, खेळाडू काही मिनिटांच्या मॅचसाठी येतात की एकाच जगात वर्षानुवर्षे राहतात, यांवर पुष्कळ अवलंबून असते. पण सर्वांत जास्त फरक पडतो तो जुन्या गेमचे पुढे काय होणार, या एका गोष्टीने. एकट्याने खेळायच्या गेमचा दुसरा भाग आला म्हणून पहिल्याचे काही बिघडत नाही. ऑनलाइन गेमचे तसे नसते. जुना सर्व्हर (गेम चालवणारा कंपनीचा संगणक) चालू ठेवला तर जुना गेमच नव्याचा सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी ठरतो, आणि मग नवा भाग पुरेसा वेगळा असावा लागतो; नाहीतर आपले मित्र, आपले गिल्ड (खेळाडूंचा कायमचा संघ) आणि कमावलेले सामान सोडून कोणी का यावे? जुना सर्व्हर बंद करून सगळ्यांना नव्यात आणायचे असेल, तर नवा भाग जुन्यासारखाच असावा लागतो, कारण खेळाडूला निवडीची संधीच दिलेली नसते. कोणता नियम राहील आणि कोणता जाईल, याचा अर्धा निर्णय डिझायनर टेबलाशी बसण्याआधीच असा झालेला असतो.

पहिल्या प्रकाराचे, म्हणजे जुना सर्व्हर चालू ठेवल्याचे, उत्तम उदाहरण म्हणजे एव्हरक्वेस्ट. तो १९९९ च्या मार्चमध्ये आला आणि भरात असताना त्याचे वर्गणीदार चार लाखांच्या वर गेले होते. त्यातला मृत्यूचा नियम आजच्या खेळाडूला क्रूर वाटेल. पात्र मेले की अनुभवाचे गुण कमी होत, आणि अंगावरची शस्त्रे, चिलखत, पिशव्या असे सगळे सामान मृतदेहाबरोबर जागेवरच राही. आपण दूरच्या ठरलेल्या ठिकाणी रिकाम्या हाताने पुन्हा उभे राहायचे आणि तिथून चालत आपल्या मृतदेहापर्यंत जायचे. ज्या राक्षसांनी मारले ते अजून तिथेच असत. ठराविक मुदतीत मृतदेह मिळवला नाही तर सामानासह नष्ट होई.

या नियमाविरुद्ध किती तक्रारी आल्या असतील याची कल्पना करता येते. पण तो नियम काय काम करत होता, ते जवळून पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या कोणी आपला मृतदेह ओढत सुरक्षित जागी आणावा यासाठी त्याला नाव घेऊन परवानगी द्यावी लागे, आणि त्यासाठी खास ‘कन्सेंट’ ही आज्ञा होती. लपूनछपून जाऊ शकणारा ‘रोग’ (चोर) या वर्गातला खेळाडू किंवा मेल्याचे सोंग घेणारा मंक हे काम करी. मृतांवर जादू चालवणारा नेक्रोमॅन्सर मृतदेह आपल्याजवळ बोलावू शके. मोठ्या लेव्हलचा क्लेरिक (बरे करणारा पुजारी) पुनरुज्जीवन करून गमावलेल्या अनुभवातला बराचसा भाग परत देई. म्हणजे एका माणसाच्या मरणामुळे चार अनोळखी माणसांना काम मिळे, उपकाराची देवाणघेवाण होई, आणि कोण भरवशाचा आहे हे सगळ्या सर्व्हरला कळे. त्या गेममधल्या ओळखी, गिल्डची निष्ठा आणि माणसांची पत यांतला फार मोठा भाग या एका त्रासदायक नियमाने उभा केला होता.

एव्हरक्वेस्ट २ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्याची कथा पहिल्या भागानंतर पाचशे वर्षांनी घडते. मधल्या काळात ल्युक्लिन हा चंद्र फुटून जगाचे तुकडे झालेले आहेत. (दुसऱ्या भागांत असे प्रलय फार आढळतात, आणि त्यांचा उपयोग कथेइतकाच जुना भूगोल व जुने नियम यांपासून मोकळे होण्यासाठी असतो.) या भागात सामान अंगावरच राहू लागले. मृत्यूच्या जागी फक्त आत्म्याचा एक तुकडा राही. तो परत आणला की दंड थोडा हलका होई. परस्परावलंबन टिकावे म्हणून सुरुवातीला अनुभवाचे कर्ज (फेडेपर्यंत नवे गुण कमी मिळण्याचा दंड) सगळ्या गटावर वाटले जाई: एक मेला की सगळ्यांचे नुकसान. त्याशिवाय पहिल्या भागात एकाने लढायला घेतलेला राक्षस दुसऱ्याने पळवण्याची भांडणे होत, त्यावर उपाय म्हणून लढाईला कुलूप घालण्यात आले. एका गटाने लढाई सुरू केली की बाहेरच्याला मदत करताच येत नसे; ओरडून मदत मागण्याची आज्ञा दिली तर कुलूप उघडे, पण मग त्या लढाईचे बक्षीस जाई.

इथे काय बिघडले ते पाहा. प्रत्येक बदल सुटा घेतला तर त्यामागचे कारण रास्त आहे. पण पहिल्या भागात रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस अडचणीतल्याला वाचवू शकत होता आणि त्यातून ओळख होत होती; दुसऱ्या भागात तीच मदत नियमाने महाग केली. गटाच्या कर्जाने तर उलटाच परिणाम साधला. जुन्या गेममध्ये मरण पावलेल्याला मदत करणारा चांगला ठरे; नव्यात मरणारा माणूस बाकीच्यांना खर्चात टाकू लागला, म्हणून अनोळखी किंवा नवख्या खेळाडूला गटात घेणेच धोक्याचे झाले. हे सामाईक कर्ज पुढे काढून टाकण्यात आले. एव्हरक्वेस्ट २ आला त्याच महिन्यात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टही आला होता. त्यात मृत्यूनंतर भुताच्या रूपात शरीरापर्यंत चालत जायचे आणि सामानाची थोडी झीज सोसायची, एवढाच दंड होता. जुन्याची आठवण राखणारा अर्धवट दंड आणि मुळातच हलका दंड यांच्यात नव्या खेळाडूंनी कोणता निवडला हे सर्वांना ठाऊक आहे. पहिला एव्हरक्वेस्ट मात्र आजही चालू आहे. ज्यांना जुन्या नियमांचे काम हवे होते त्यांना जुना गेम तसाच उपलब्ध होता.

वर्गणीच्या त्याच काळातला अशेरॉन्स कॉल याहून कठोर उदाहरण आहे. १९९९ च्या त्या गेमचा दुसरा भाग २००२ मध्ये आला आणि २००५ च्या अखेरीस बंद पडला. पहिला भाग २०१७ पर्यंत चालला. सख्ख्या भावाशी स्पर्धा म्हणतात ती ही.

आता असे उदाहरण घेऊ की जिथे जुना नियम काढताना त्याच्या कामाचा विचार केलेला दिसतो. १९९८ च्या स्टारक्राफ्ट या सैन्य उभारून लढायच्या गेममध्ये एका वेळी जास्तीत जास्त बारा सैनिक निवडता येत. इमारती एकेक करून निवडाव्या लागत, आणि नवा कामगार तयार झाला की त्याला खनिजाकडे हाताने पाठवावे लागे. आजच्या दृष्टीने या उणिवा आहेत, पण कोरियातल्या व्यावसायिक स्पर्धांत याच उणिवांतून कसब मोजले जाई. सैन्य लढवायचे की घर सांभाळायचे, या ओढाताणीत ज्याचे हात आणि लक्ष दोन्ही पुरे पडत तो जिंके. २०१० च्या स्टारक्राफ्ट २ मध्ये या तिन्ही मर्यादा गेल्या. त्या जाणार म्हटल्यावर जुन्या खेळाडूंनी केलेला विरोध मी जवळून वाचला होता आणि तो मला रास्त वाटला होता, कारण लक्ष विभागण्याची परीक्षाच नाहीशी होत होती.

डिझायनरांनी तिथे जे केले ते मी आजही नव्या सहकाऱ्यांना दाखवते. त्यांनी प्रत्येक पक्षाला वारंवार लक्ष मागणारे एक वेगळे काम दिले. झर्गच्या राणीने ठराविक वेळाने अळ्या वाढवायच्या, टेरनने जादा खनिज आणणारा म्यूल उतरवायचा, प्रोटॉसने क्रोनो बूस्टने एखाद्या इमारतीचा वेग वाढवायचा. नवख्याला बारा-बाराच्या तुकड्या करण्याचा जाच उरला नाही, आणि मुरलेल्या खेळाडूला घराकडे नजर ठेवण्याचे कारण शिल्लक राहिले. ही योजना सगळ्यांना पटली असे नाही. नुसते घड्याळ पाहून बटण दाबायचे काम, अशी त्यावर टीका झाली आणि तिच्यातही तथ्य आहे. पण पद्धत बरोबर होती. त्याच कंपनीने २०१७ मध्ये पहिल्या स्टारक्राफ्टची रीमास्टर आवृत्ती काढली तेव्हा चित्रे नवी केली, पण बारा सैनिकांची मर्यादा जशीच्या तशी ठेवली. दुसऱ्या भागाने जो नियम सोडला तोच रीमास्टरने जपला, कारण त्या आवृत्तीकडे येणारा खेळाडू त्या नियमासाठीच येणार होता.

नियम सोडण्याचे आणखी एक मोठे कारण खेळाडूंच्या लक्षात सहसा येत नाही, ते म्हणजे वाट पाहण्याचा वेळ. पहिल्या गिल्ड वॉर्समध्ये (२००५) गट तयार करायचा तर हीलर (सोबत्यांना बरे करणारा) लागे, आणि हीलर मिळेपर्यंत बाकीचे शहरात उभे राहत. गिल्ड वॉर्स २ मध्ये (२०१२) टँक (शत्रूचा मार झेलणारा), हीलर आणि हल्लेखोर ही ठरलेली विभागणीच काढली. प्रत्येकाने स्वतःला सांभाळायचे आणि पडलेल्याला कोणीही उठवायचे. वाट पाहणे संपले. पण सुरुवातीच्या डंजनमध्ये (गटाने लढायच्या बंदिस्त जागेत) सगळ्यांनी एका कोपऱ्यात गोळा होऊन जास्तीत जास्त मारा करायचा, हीच रीत रूढ झाली, कारण वेगवेगळ्या भूमिका हे गटाला वेगवेगळे वागायला लावणारे साधन होते आणि ते गेले होते. २०१५ च्या हार्ट ऑफ थॉर्न्स विस्तारानंतर रेड (मोठ्या गटाच्या अवघड लढाया) आल्या आणि त्यांच्याबरोबर बरे करणारी भूमिकाही प्रत्यक्षात परत आली.

ओव्हरवॉच या सांघिक नेमबाजीच्या गेमचे तसेच झाले. २०१९ मध्ये प्रत्येक संघात दोन टँक, दोन हल्लेखोर, दोन सपोर्ट (सोबत्यांना बरे करणारे) अशी सक्ती आली, आणि टँक खेळणारे कमी असल्याने हल्लेखोरांच्या रांगा लांबल्या. २०२२ च्या ऑक्टोबरमधल्या ओव्हरवॉच २ मध्ये एक टँक कमी करून पाच विरुद्ध पाच असा खेळ झाला. रांगेवर तो उपाय होता, पण दोन टँक एकमेकांची चूक झाकत असत ते गेले आणि हरण्याचा दोष एकट्या टँकवर येऊ लागला. इथे जुना गेम बंद करण्यात आला होता, त्यामुळे ज्यांना जुनी रचना हवी होती त्यांना जायला जागाच नव्हती. ती मागणी साचत गेली, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये सहा विरुद्ध सहाची चाचणी त्याच गेममध्ये पुन्हा घ्यावी लागली.

जे नियम राहतात त्यांच्याकडे आता येते. खेळाडूने ज्यासाठी पैसे मोजले आहेत त्याला हात लावायला सहसा कोणी धजत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ ने आपल्या आधीच्या गेमची जागा घेतली तेव्हा बंदुकांच्या सगळ्या स्किन (विकत घेतलेली सजावटीची रूपे) जशाच्या तशा आल्या. त्या स्किनची खरेदी-विक्री होते आणि काहींची किंमत फार मोठी आहे. त्या बाद केल्या असत्या तर मोठा गहजब झाला असता. डस्ट २ या जुन्या मॅपची (लढाईच्या जागेची) मांडणीही तीच राहिली. बदल झाले ते धूर ग्रेनेडने पांगवता येण्यासारखे, म्हणजे जुने कौशल्य मोडीत न काढता त्यावर भर घालणारे, आणि सामना ३० ऐवजी जास्तीत जास्त २४ फेऱ्यांचा करण्यासारखे. खेळाचे काही प्रकार (मोड) सुरुवातीला नव्हते त्याबद्दल नाराजी झाली, पण गाभा हलला नाही.

आपल्याकडे हेच मोबाइलवर दिसले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आला, तेव्हा जुन्या खात्यातले सामान नव्या खात्यात नेण्याची सोय सुरुवातीच्या महिन्यांत दिलेली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीचा न्यू स्टेट आला. त्याची कथा २०५१ सालातली होती आणि त्यात ड्रोन, बंदुकीचे सुटे भाग, पाडलेल्या शत्रूला आपल्या संघात घेणे अशा खरोखर नव्या कल्पना होत्या. तरी तो बीजीएमआयची जागा घेऊ शकला नाही. मित्रांची टोळी, कमावलेली रँक आणि विकत घेतलेले कपडे जिथे आहेत तिथून एकटा माणूस उठून जात नाही. टोळीच उठावी लागते.

गिल्ड वॉर्सने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. जुना गेम चालू ठेवला, नव्यात सामान नेऊ दिले नाही, पण २००७ च्या आय ऑफ द नॉर्थ विस्तारात ‘हॉल ऑफ मॉन्युमेंट्स’ नावाचे दालन दिले. जुन्या गेममधली कामगिरी तिथे मांडली की नव्या गेममध्ये तिच्या प्रमाणात किताब आणि खास वस्तू मिळत. नव्या गेमचा समतोल मोडला नाही आणि जुन्या वर्षांचा मानही राहिला.

चुकीच्या गोष्टी राखल्या जातात, ही आपली तक्रार सर्वांत जास्त पटते ती २०१० च्या पहिल्या फायनल फँटसी १४ बद्दल. आधीच्या ऑनलाइन गेममधल्या, म्हणजे फायनल फँटसी ११ मधल्या पाचही वंशांची रूपे नावे बदलून जवळपास तशीच घेतली होती. पण त्या गेममधले लिलावघर मात्र घेतले नव्हते. वस्तू हवी असेल तर बाजारात उभ्या असलेल्या एकेका मदतनिसाकडे जाऊन त्याच्याकडे काय आहे ते पाहावे लागे. डोळ्यांना दिसणारे जपले आणि रोज हाताला लागणारे सोडले. डिसेंबर २०१० मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या नाओकी योशिदा यांनी नंतर जाहीर भाषणात सांगितले की, त्या गेममधल्या एका फुलझाडाच्या कुंडीवर खेळाडूच्या पात्राइतका तपशील खर्च केलेला होता. तो गेम २०१२ मध्ये बंद करून ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा बांधलेला गेम आणावा लागला.

आता या निर्णयांमागच्या रोजच्या कामाविषयी थोडे. आमच्याकडे कोणता खेळाडू कधी बाहेर पडला याची नोंद असते. मोठा पराभव किंवा मृत्यू झाल्यावर काही मिनिटांत गेम बंद करणारे पुष्कळ असतात, आणि तो आलेख बैठकीत दाखवला की दंड कमी करण्याचा निर्णय लगेच होतो. पण त्याच दंडामुळे कोणी कोणाला मदत केली आणि ते दोघे पुढे तीन वर्षे एकत्र खेळले, याचा आलेख सहसा कोणी काढलेला नसतो. म्हणून कोणताही नियम काढण्याआधी मी दोन प्रश्न लिहून ठेवायला लावते: हा नियम गेला तर कोणाचे महत्त्व कमी होईल, आणि कोणाला कोणाशी बोलण्याचे कारण उरणार नाही? उत्तर मिळाले तर त्या कामासाठी दुसरी व्यवस्था शोधता येते. काही वेळा उत्तर असे निघते की नियम खरोखर निरुपयोगी होता, केवळ जुन्या सर्व्हरच्या मर्यादेमुळे आला होता, आणि मग तो निर्धास्तपणे काढावा.

शेवटच्या प्रश्नाबद्दल. नव्या भागाची घोषणा झाली की आधी जुन्या सर्व्हरचे काय होणार ते पाहा. त्यावरून नवा गेम किती वेगळा असणार याचा अंदाज येतो. मग विकत घेतलेल्या वस्तूंबद्दल स्पष्ट लेखी उल्लेख आहे का ते शोधा. आपला आवडता नियम काढला असेल, तर केवळ काढण्याचे कारण न वाचता त्याच्या जागी काय दिले आहे ते वाचा. तिथे काहीच नसेल तर पहिले वर्ष थांबलेले बरे, कारण वर पाहिले तसे काढलेले नियम पुष्कळदा वेगळ्या रूपात परत येतात. आणि चाचणी आवृत्ती मिळाली तर ती एकट्याने खेळू नका. ज्या चार-पाच जणांबरोबर आपण जुना गेम खेळता त्यांनाच घेऊन एखादी अशी लढाई निवडा की जी आपण नक्की हराल, आणि हरल्यानंतर नवा गेम तुम्हाला एकमेकांसाठी काही करायला लावतो, की प्रत्येकाला आपापल्या बटणाकडे परत पाठवतो, एवढे नीट पाहा.